शब्द उसने, व्याकरण घरचं

टांझानियात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि त्या सगळ्यांना सांधणारी भाषा म्हणजे स्वाहिली. तिच्यात अरबी शब्दांचा इतका भरणा आहे की ती अरबीतूनच निघाली असावी, असा समज अजूनही आढळतो. तो खरा नाही. स्वाहिली ही बांटू, म्हणजे मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या भाषांच्या कुळातली भाषा आहे.

तिचे अंकच पाहा. मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो हे एक ते पाच बांटू आहेत. सिता, साबा म्हणजे सहा आणि सात अरबी. आठ, म्हणजे नाने, पुन्हा बांटू. नऊ, तिसा, अरबी. दहा, कुमी, बांटू. हिंदी महासागरावरच्या शतकानुशतकांच्या व्यापाराने मोजणीतही अशी सरमिसळ केली.

पण शब्द मोजून भाषेचं कूळ ठरत नाही. बांटू भाषांत नामांचे वर्ग असतात आणि वर्ग कळतो तो नामाच्या सुरुवातीच्या उपसर्गावरून. 'किती' म्हणजे खुर्ची, तर खुर्च्या 'विती'. अरबी 'किताब' स्वाहिलीत 'किताबू' झाला, तेव्हा त्यातला मुळाचाच भाग असलेला 'कि' लोकांनी उपसर्ग मानला. त्यामुळे अनेक पुस्तकं झाली 'विताबू', आणि विशेषणही त्यांच्यामागे बदलतं : 'किताबू किझुरी' म्हणजे चांगलं पुस्तक, 'विताबू विझुरी' म्हणजे चांगली पुस्तकं. शब्द परका, पण त्याला वळण लावलं ते घरच्या व्याकरणाने. भारतातून गेलेल्या गाडीचीही 'गारी' आणि अनेकवचनी 'मागारी' झाली. लाख तिथे 'लाकी' आहे आणि विमा 'बिमा'.

या नियमाला खरं आव्हान मिळतं ते ईशान्येकडच्या उसंबारा डोंगरांत. तिथले म्बुगू लोक एकाच व्याकरणावर दोन शब्दसंग्रह चालवतात. एक संग्रह शेजारच्या पारे या बांटू भाषेसारखा. दुसरा, 'माआ' नावाचा, बऱ्याच अंशी कुशिटिक, म्हणजे इथिओपिया-सोमालियातल्या भाषांशी नातं सांगणारा. मग माआचं कूळ कोणतं? डच भाषाशास्त्रज्ञ मार्टेन मौस यांच्या अभ्यासानुसार, हा समाज बांटू भाषेकडे वळल्यावरही वेगळी ओळख राखण्यासाठी त्याने हा निराळा शब्दसंग्रह बाळगला. भाषेच्या घडणीत माणसांची इच्छा इतकी स्पष्ट दिसावी, हे मला फार विलक्षण वाटतं.

देशाच्या मध्यभागी, कोंडोआच्या परिसरात, बांटू, कुशिटिक आणि निलोटिक (मसाई ज्या गटात मोडते तो गट) भाषा शेजारी नांदतात. जिभेच्या टिचकीसारखे ध्वनी असलेली सांडावेही तिथेच. इथली रांगी भाषा बांटूच, पण तिच्या भविष्यकाळात साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदाच्या नंतर येतं. पूर्व आफ्रिकेतल्या बहुतेक बांटू भाषांत ते आधी येतं. काही अभ्यासक याचं कारण कुशिटिक शेजारात शोधतात. म्हणजे शेजाऱ्याकडून नुसते शब्दच नव्हे, वाक्याची ठेवणही येऊ शकते. प्राथमिक शाळा मात्र स्वाहिलीत चालते आणि स्वाहिलीत ही ठेवण नाही. रांगी घराघरांत बोलली जाते आहे तोवरच तिची नोंद व्हायला हवी.