कार्ड लावलंय, पण जॉबला ते मिळेल का?

समजा एका नेटवर्कवर ४० कॉम्प्युटर आहेत आणि त्यातल्या ७ मध्येच ग्राफिक्स कार्ड आहे. कोणाचं तरी मोठं गणित (अशा कामाला जॉब म्हणतात) रात्रभर चालवायचंय आणि ते कार्डाशिवाय चालणारच नाही. मग कुठलं काम कुठल्या मशीनवर पाठवायचं हे ठरवणारा जो प्रोग्राम असतो, शेड्युलर, त्याला आधी कळायला हवं ना की कोणाला काय जोडलंय? हाताने यादी करता येते, पण कोणीतरी एक कार्ड काढून दुसऱ्या मशीनमध्ये टाकतं, यादीत बदल करायचा राहून जातो आणि यादी चुकीची होऊन बसते. म्हणून प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्राम ठेवतात, तो स्वतः तपासतो आणि शेड्युलरला कळवतो.

तपासतो कसा हे मला फार आवडतं. ग्राफिक्स कार्ड पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मार्गावर बसतं, एका बसवर ३२ जागा असतात, आणि मशीन चालू होताना एकेका जागेला विचारलं जातं की बाबा तू कोण? तिथं काही असेल तर १६ बिटांचा कंपनीचा नंबर येतो आणि १६ बिटांचा मॉडेलचा. काहीच नसेल तर सगळे बिट १ येतात, आणि तो नंबर कुठल्याच कंपनीला दिलेला नाही, म्हणून जागा रिकामी आहे हे लगेच समजतं. इंटेलचा नंबर हेक्समध्ये (म्हणजे १६ च्या पायात लिहिला तर) ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचं नाव!

पण इथंच बरेच जण फसतात. बसवर कार्ड दिसलं म्हणजे ते काम करेलच असं नाही, ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर लागतं, त्या ड्रायव्हरला ते कार्ड चालवता यायला हवं, आणि जॉब ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला कार्डापर्यंत पोचता यायला हवं. घरोघरच्या कॉम्प्युटरवर संशोधनाची कामं चालवणारं बोइंक घ्या. विंडोजवर ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करताही मागे चालू राहील असं, इन्स्टॉल केलं की त्याला ग्राफिक्स कार्ड वापरता येत नाही, कारण विंडोज सर्व्हिसना युजरपासून वेगळ्या सेशनमध्ये ठेवतं. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, तरी नाही!

बोइंकची अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ड्रायव्हर बिघडलेला असेल तर नुसतं विचारायला गेलेला प्रोग्रामच क्रॅश होऊ शकतो, म्हणून बोइंक स्वतःची दुसरी कॉपी चालू करतं, ती कार्डं शोधून निकाल फाइलमध्ये लिहिते आणि मूळ प्रोग्राम ती फाइल वाचतो. कॉपी मेली तरी बाकीचं काम चालू राहतं.

एका मशीनमध्ये दोन कार्डं असली की नंबरांचा घोळ होतो. माझा एक जॉब असाच तासभर चालून मेमरी संपली म्हणून मेला, आणि मी म्हणतोय कार्ड ० मध्ये तर भरपूर मेमरी आहे. नंतर कळलं की एनव्हिडियाचं यादी दाखवणारं टूल बसवरच्या क्रमाने नंबर देतं, पण कुडा, म्हणजे त्यांच्या कार्डांवर गणितं चालवायचं एनव्हिडियाचंच सॉफ्टवेअर, मुळात सगळ्यात वेगवान कार्डाला ० म्हणतं, म्हणजे माझं कार्ड ० आणि जॉबचं कार्ड ० ही दोन वेगळी कार्डं होती. तेव्हापासून मी नंबरवर विसंबत नाही, प्रत्येक कार्डाचा जो कायमचा लांबलचक आयडी असतो तोच वापरतो.

मग हे सगळं शेड्युलरपर्यंत जातं. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या एचटीकॉन्डॉर या शेड्युलरची पद्धत मला सगळ्यात सुटसुटीत वाटते, त्याचं काम १९८८ पासून चालू आहे. मशीन आपली जाहिरात देते की माझ्याकडे इतके कोर, इतकी मेमरी, इतकी कार्डं, जॉबही सांगतो की मला हे हवं, आणि दोघांचं जुळलं की काम सुरू, अगदी वधू-वर सूचक मंडळासारखं. मशीनची जाहिरात साधारण दर ५ मिनिटांनी नवी होते आणि १५ मिनिटं काही आलंच नाही तर ती काढून टाकली जाते. पण कार्डं शोधायचं काम मुळात मशीनवरचा तो छोटा प्रोग्राम सुरू होतानाच होतं, त्यामुळे मधेच एखादं कार्ड बंद पडलं तरी जाहिरातीत ते आहे तसंच राहू शकतं, आणि मग तिथं आलेला प्रत्येक जॉब झटपट फेल होतो, मशीन लगेच रिकामी दिसते, तिला पुढचा जॉब मिळतो, तोही मरतो. एक खराब कार्ड असं करून सकाळपर्यंत अख्खी रांग संपवू शकतं. म्हणून मी जॉबच्या सुरुवातीलाच कार्डावर एक छोटा गुणाकार करून उत्तर तपासतो, ते चुकलं की ती मशीन आपोआप यादीतून बाहेर आणि जॉब परत रांगेत.