पिंचन वाचायले फिजिक्स लागते हे कोणी सांगितलं?

आमच्या इकडं वाचणाऱ्या पोरापोरींत एक गोष्ट लय वर्षांपासून फिरते, का थॉमस पिंचन हा अमेरिकन कादंबरीकार वाचायचा तर आधी फिजिक्स आलं पाहिजे, बाजूले गाईड पाहिजे, अन् एक जरी संदर्भ सुटला का कादंबरी डोक्यावरून गेलीच समजा. तसं काही नाही बाप्पा.

हे पसरलं काहून ते समजते. माणूस कॉर्नेल विद्यापीठात इंजिनिअरिंग फिजिक्स शिकायले गेलता, मग इंग्रजीकडं वळला, पुढं बोईंग या विमान कंपनीत टेक्निकल लिखाण केलं, अन् १९७३ च्या 'ग्रॅव्हिटीज रेनबो'त जर्मनांचं दुसऱ्या महायुद्धातलं व्ही-२ रॉकेट हाय. पण त्याच पुस्तकात केळ्यांच्या नाश्त्याचा भला मोठा सीन हाय, चावट जोक हायेत, पात्रं मधातच गाणी म्हणतात. झाडीपट्टीच्या नाटकात रडारडीनंतर लावणी आली तर कोणी उठून अर्थ विचारते का? १९७४ ले पुलित्झर या अमेरिकेतल्या बक्षिसाच्या परीक्षकांनी याच पुस्तकाची शिफारस केली, तर वरच्या मंडळातल्या काहींले ते वाचवलंच नाही, अन् त्या साली कादंबरीले बक्षीसच दिलं नाही! म्हणजे गोंधळलेले आपणच नाही.

अन् काही गोंधळ तर त्यानं मुद्दामच ठेवला. १९६६ चं 'द क्रायिंग ऑफ लॉट ४९' घ्या, त्यातल्या नायिकेले, ईडिपाले सापडलेली गुप्त टपालव्यवस्था खरी का भास, हे पुस्तक शेवटपर्यंत सांगतच नाही, मंग गाईड काय सांगणार? सुरुवात यानंच करा, बारीक हाय. नावं कागदावर लिहा, अडलं तं पुढं चला, संदर्भ दुसऱ्या वाचनात पाहा.