यमक नसलेल्या दोन कविता: ब्लँक व्हर्स कुठली, फ्री व्हर्स कुठली?

दहावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक वाक्य मला इतक्यांदा भेटतं, की लाल पेन आपोआप तिथं थांबतं. 'देअर इज नो राईम स्कीम, सो इट इज अ फ्री व्हर्स.' कविता टागोरांची असो की शेक्सपिअरची, वाक्य तेच. टागोरांच्या कवितेखाली असलं तर मी बरोबरची खूण करतो, शेक्सपिअरखाली असलं तर फुली मारतो. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "का ओ सर, दोन्हीकडं यमक न्हाई की!"

प्रश्न रास्त आहे. फ्री व्हर्सला आपण मराठीत 'मुक्तछंद' म्हणतो, त्या शब्दाचा अर्थ 'यमकातून मुक्त' असा धरून बसतो आणि तिथंच फसतो. यमक असतं ओळीच्या शेपटाला. छंद, म्हणजे ओळीची ठरलेली चाल, असतो ओळीच्या पोटात. शेपूट नाही म्हणून पोट नाही असं होत नाही.

मी शिकवतो ते सोलापुरात, पूर्व भागात. वर्गात मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं. त्यांना इंग्रजी व्याख्या सांगण्याआधी मी घरातलीच तीन उदाहरणं घेतो. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा, मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा.' प्रत्येक चरणात बारा अक्षरं, ठरलेली चाल, म्हणजे भुजंगप्रयात वृत्त. आणि शेवटी यमकही. आता गीता घ्या. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन.' आठ अक्षरं, पुन्हा आठ अक्षरं. म्हणताना चाल चुकली तर लगेच कानाला खटकतं, पण यमक शोधायला जाल तर मिळणार नाही. आणि तिसरं उदाहरण आपल्या गावचंच. तळ्याच्या मधोमध ज्यांचं देऊळ आहे, संक्रांतीला ज्यांच्या यात्रेसाठी आपण गड्ड्यावर जातो, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं लिहिली. वचनाला ना ठरलेलं वृत्त, ना सक्तीचं यमक. बोलल्यासारखी लहानमोठी वाक्यं आणि शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा, म्हणजे आपल्या देवाचं नाव घालून केलेली सही. ती आली की वचन पुरं झालं.

पहिल्यात छंद आणि यमक दोन्ही. दुसऱ्यात फक्त छंद: ब्लँक व्हर्सचा जवळचा नातलग. तिसऱ्यात दोन्ही नाहीत: फ्री व्हर्सच्या जवळचं. एकदा एक कन्नड घरातली मुलगी म्हणाली, "म्हणजे आमची आज्जी रोज सकाळी फ्री व्हर्स म्हणते!" तेवढं कळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मात्र कानाचं आहे, आणि तिथं मराठी कानाला थोडी अडचण येते. आपल्या वृत्तात लघु-गुरू, म्हणजे अक्षर म्हणायला लागणारा वेळ मोजतात. इंग्रजीत मोजतात ते कुठल्या सिलॅबलवर, म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर, जोर पडतो ते. मुलं इंग्रजी ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायला लागली की गाडी भलत्याच रुळावर जाते. म्हणून मी खुणा करूच देत नाही. बाकावर ठोके द्यायला लावतो.

शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' या नाटकात, दुसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशात, जाक्वेस नावाचा उदास गृहस्थ माणसाच्या सात अवस्था सांगतो. 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' म्हणून शाळेत भेटतो तोच हा उतारा. त्यातली ओळ घ्या: 'दे हॅव्ह देअर एक्झिट्स अँड देअर एंट्रन्सेस'. सिलॅबल तोडा: दे, हॅव्ह, देअर, एक्, झिट्स, अँड, देअर, एन्, ट्रन्, सेस. दहा झाले. आता दर दुसऱ्यावर ठोका: हॅव्ह, एक्, अँड, एन्, सेस. पाच ठोके. नुसतं बोलताना 'अँड'वर कुणी एवढा जोर देत नाही हे खरं, पण चाल एकदा मनात बसली की कान तिथंही ठोका धरतो. हलका-जड, हलका-जड अशा पाच जोड्या: हाच आयँबिक पेंटामीटर. त्यात यमक नसलं की ब्लँक व्हर्स. पुढची ओळही तशीच दहाची: 'अँड वन मॅन इन हिज टाइम प्लेज मेनी पार्ट्स'.

हुशार पोरं इथं पकडतात. 'अँड ऑल द मेन अँड विमेन मिअरली प्लेअर्स' मोजली तर अकरा भरतात. बरोबर. शेवटी एक हलका सिलॅबल जास्तीचा आहे, आणि इंग्रजी छंदात तेवढी सूट चालते. ठोके पाचच राहतात.

खरी गंमत पहिल्या ओळीत आहे. 'ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज' यात सिलॅबल पाचच. पुस्तकात उतारा इथूनच सुरू होतो, त्यामुळे मुलं म्हणतात, बघा, ओळी लहानमोठ्या, म्हणजे फ्री व्हर्स! पण पुस्तकातला उतारा म्हणजे नाटकातून कापून काढलेला तुकडा. नाटकात याच्या अगोदर ड्यूक बोलत असतो आणि त्याचं बोलणं 'व्हेअरइन वी प्ले इन' या पाच सिलॅबलवर संपतं. उरलेली पाच जाक्वेस उचलतो. दोघांची मिळून एक ओळ. पाच आणि पाच दहा. म्हणजे बोलणारा बदलला तरी शेक्सपिअरनं चाल तुटू दिलेली नाही. हे फळ्यावर दाखवतो तेव्हा वर्ग दोन क्षण गप्प बसतो. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या पोरांना ठोका न चुकणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता रसग्रहणाच्या उत्तरात नुसतं 'ब्लँक व्हर्स' एवढं लिहून भागत नाही. त्या चालीनं तिथं काय साधलं ते सांगा. शेवटची ओळ पाहा: 'सान्स टीथ, सान्स आइज, सान्स टेस्ट, सान्स एव्हरीथिंग'. सान्स म्हणजे 'विना', शब्द फ्रेंचमधून आलेला. दर वेळी सान्स हलका आणि ठोका पुढच्या शब्दावर: दात, डोळे, चव. प्रत्येक ठोक्यासरशी म्हाताऱ्याचं काहीतरी काढून घेतलं जातं, आणि शेवटच्या शब्दात सगळंच. हे दोन वाक्यांत लिहिलंत तर तपासणारा थांबून वाचेल.

उत्तरपत्रिकेत ब्लँक व्हर्सच्या उताऱ्याला राईम स्कीम म्हणून ए, बी, सी, डी, ई करत पार झेडपर्यंत जाणारे वीरही भेटतात. ते करू नका. यमकच नाही तर यमकाची योजना कुठून येणार?

या प्रकाराचा इतिहास थोडक्यात असा. 1540च्या सुमारास सरेचा अर्ल हेन्री हॉवर्ड यानं व्हर्जिलचं लॅटिन महाकाव्य भाषांतरित करताना इंग्रजीत ही रीत आणली. नाटककारांनी ती उचलली, आणि मिल्टननं 1667 मध्ये प्रसिद्ध झालेलं 'पॅराडाइज लॉस्ट' हे अख्खं महाकाव्य त्यात लिहिलं. फ्री व्हर्स इंग्रजीत ठळकपणे दिसायला लागतं ते 1855 मध्ये, वॉल्ट व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'पासून. मराठीत मुक्तछंद म्हटला की कवी अनिल आठवतात.

आता टागोर. 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर अँड द हेड इज हेल्ड हाय' ही ओळ मोजा: तेरा. पुढची, 'व्हेअर नॉलेज इज फ्री': पाच. ड्यूकसारखं कुणी अर्धी ओळ आधी बोलून गेलेलं नाही. पाच ती पाचच. ठोके लावत गेलात तर कुठलीच ठरलेली चाल हाती लागत नाही. हे फ्री व्हर्स.

मग ही कविता उभी कशावर आहे? माझ्या मते रसग्रहणात हाच प्रश्न विचारायचा असतो, आणि बहुतेक उत्तरांत तो नसतो. एक तर 'व्हेअर, व्हेअर' ही पुन्हापुन्हा येणारी सुरुवात. यमकानं शेवटी जे केलं असतं ते इथं आरंभानं केलंय. दुसरं, सगळी कविता मिळून वाक्य एकच आहे. जिथं असं, जिथं तसं, असं म्हणत कवी आपल्याला ताटकळत ठेवतो, आणि 'माझा देश जागा होऊ दे' हे मागणं अगदी शेवटच्या ओळीत येतं. सिद्धरामेश्वरांच्या वचनातली मुद्रा आठवली ना? शेवटी देवाला हाक, इथं 'माय फादर'.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ही कविता मुळात बंगाली, 'नैवेद्य' या 1901च्या संग्रहातली, आणि बंगालीत तिला चांगलं यमक आहे. पहिली ओळ 'शिर'वर संपते, दुसरी 'प्राचीर'वर. टागोरांनी स्वतःच ती इंग्रजीत नेली, 1912च्या इंग्रजी 'गीतांजली'त पस्तिसावी म्हणून आली, आणि नेताना त्यांनी यमक आणि छंद दोन्ही सोडून दिले. तेव्हा 'मुक्तछंद म्हणजे ज्याला यमक जुळवता येत नाही त्याची सोय' असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण पुढं करावं.

यमकाला फार मान देणाऱ्यांची टर तर 'ॲज यू लाइक इट'मध्येच उडवली आहे. ऑरलँडो प्रेमात पडतो आणि रोझलिंडवर यमकं जुळवून ती झाडांवर टांगत सुटतो. टचस्टोन नावाचा विदूषक ती ऐकतो आणि म्हणतो, असली यमकं मी सलग आठ वर्षं जुळवीन, फक्त जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सोडून.