गरम आणि गार यांचे शेजारपण

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत समसंबंधाचे प्रश्न असतात. ‘उंच : ठेंगणा :: खोल : ?’ असे विचारले की पाचवीतले मूल चटकन ‘उथळ’ म्हणते. विरुद्धार्थी शब्द म्हणजे अर्थाने एकमेकांपासून सर्वांत लांबचे शब्द, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. ‘गरम’पासून खरोखर लांबचा शब्द म्हणजे ‘मंगळवार’. ‘गार’ तर त्याच्या शेजारीच राहतो, कारण दोघेही तापमानाविषयीच बोलतात, दोघेही चहाला, पाण्याला, हवेला लागतात, आणि बाकी सारे सारखे असताना फक्त एका मोजपट्टीवरचे टोक बदलते.

शब्दाची ओळख त्याच्या सोबतीवरून पटते, हे तत्त्व ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले. २०१३ मध्ये गूगलमधील संशोधकांनी संगणकासाठी शब्दांचे आकडे करणारी ‘वर्डटूवेक’ ही पद्धत मांडली, तीही याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात प्रत्येक शब्दाला काहीशे आकडे, म्हणजे एका अवकाशातला एक बिंदू मिळतो. ‘चहा गरम आहे’ आणि ‘चहा गार आहे’ ही दोन्ही वाक्ये चालत असल्यामुळे हे दोन बिंदू जवळजवळ पडतात. ‘राजा’तून ‘पुरुष’ वजा करून ‘स्त्री’ मिळवली की ‘राणी’ येते, या उदाहरणाचा मोठा गाजावाजा झाला. पण उत्तर शोधताना प्रश्नातले तिन्ही शब्द आधीच वगळलेले असतात आणि ते वगळले नाहीत तर पुष्कळदा ‘राजा’च परत येतो, हे क्वचितच सांगितले जाते.

विरुद्धार्थाला तर ही बेरीज मुळातच लागू पडत नाही. ‘गरम’पासून ‘गार’पर्यंत नेणारा बाण ‘ब’ मानू: गरम + ब = गार. विरुद्धार्थाचे नाते दोन्हीकडून सारखेच असल्यामुळे गार + ब = गरम हेही खरे असायला हवे. पहिले समीकरण दुसऱ्यात घातले की गरम + २ब = गरम, म्हणजे ‘ब’ शून्य! एकाच बाणाने दोनदा सरकून कोणी मूळ जागी येत नाही. आरशात दोनदा उलटवलेली गोष्ट मात्र मूळ जागी येते. म्हणून विरुद्धार्थ हे सरकणे नसून प्रतिबिंब आहे, आणि गरम व गार यांच्यामधला आरसा ‘कोमट’पाशी उभा असतो. खोल-उथळ यांचा आरसा वेगळा, वेगळ्या दिशेला तोंड केलेला. मूल आधी हा आरसा निवडते आणि मग त्यात पाहते. अवघड काम निवडण्याचे आहे.

ही निवड कधीकधी शब्दापाशी नसतेच. कच्चा आंबा पिकतो, कच्चा रस्ता पक्का होतो, कच्ची डाळ शिजते. ‘कच्चा’ या एका शब्दासमोर तीन आरसे आहेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा, हे शेजारचे नाम ठरवते. आजची भाषाप्रारूपे, म्हणजे चॅटबॉटमागच्या संगणकप्रणाली, प्रत्येक वाक्यात शब्दाला नव्याने आकडे देतात, त्यामुळे त्यांना हा संदर्भ मिळतो. ‘गरम : गार :: कच्चा : ?’ असा प्रश्न काढून पर्यायांत ‘पिका’ आणि ‘पक्का’ दोन्ही ठेवले, तर मुलाला मात्र तो संदर्भ मिळत नाही, आणि अशा प्रश्नाचा गुण कापणे अन्यायाचे आहे.