पाट्या वाढल्या म्हणून वाट सापडत नाही

साइनेज म्हणजे काय हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तेव्हा ते दोन ओळींत उरकतो. दारावरचं नाव, बाणाची पाटी, 'प्रवेश बंद', मजल्यांची यादी. अक्षर केवढं, पाटी छताला टांगायची की भिंतीला ठोकायची, हे त्यातले प्रश्न, आणि त्यांची चोख उत्तरं देणारी माणसं पुष्कळ आहेत. फॉन्टवरून भांडणाऱ्यांनी खुशाल भांडावं. लांबून वाचता आला की मला पुरे.

वेफाइंडिंग, म्हणजे अनोळखी जागी वाट शोधणं, हे साइनेजचंच भारी नाव, हा समज मात्र आता ऐकवत नाही. निविदेत 'साइनेज आणि वेफाइंडिंग' असं 'कागदपत्रं' म्हटल्यासारखं एका दमात लिहितात आणि खाली यादी येते ती निव्वळ पाट्यांची: अमुक मापाचे इतके नग. मराठीत तर घोळ शब्दातच शिरलाय. 'दिशादर्शक फलक' म्हटलं की दिशा दाखवणं हे फलकाचंच काम, असं आपण न बोलता मान्य करून टाकतो.

पाटी ही वस्तू आहे. वाट शोधणं हे काम आहे, आणि ते करतो येणारा माणूस. मी कुठे आहे, कुठे वळू, बरोबर चाललोय ना, पोचलो का? या प्रश्नांची उत्तरं तो मिळतील तिथून गोळा करतो: उजेड कुठून येतोय, जिना दिसतोय का, माणसं कुठे वळताहेत, आणि जमलंच तर पाटी. अमेरिकन नगररचनाकार केविन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमधल्या रहिवाशांना आपापल्या शहराचे नकाशे मनानेच काढायला लावले होते. १९६० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात शहर डोक्यात ठसवणाऱ्या पाच गोष्टी आहेत: रस्ते, कडा, विभाग, नाके आणि खुणेच्या जागा. या पाचांत पाटी नाही.

आता एक रुग्णालय बघा. पाट्या दृष्ट लागाव्यात अशा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलंय 'सोनोग्राफी, खोली २१४'. लिफ्टमध्ये बटणं तळमजला, एक, दोन अशी, पण खोल्यांचे नंबर टाकताना तळमजला हाच पहिला धरलेला, म्हणून २१४ निघते पहिल्या मजल्यावर. ते कोणाला तरी विचारून कळलं, तर लिफ्टबाहेर डावीकडे 'रेडिओलॉजी', उजवीकडे 'इमेजिंग सेंटर'. सोनोग्राफी हा शब्द कुठेच नाही. भरपूर पाणी पिऊन या, असं बजावलेली एक बाई तिथे उभी आहे आणि तिच्याकडे चुकायला अजिबात वेळ नाही. तक्रारी आल्या तेव्हा व्यवस्थापनाने काय करावं? 'इमेजिंग सेंटर' ही अक्षरं दुप्पट केली! म्हणजे साइनेज सुधारलं आणि बाई होती तिथेच उभी. चिठ्ठीवरचा आणि पाटीवरचा शब्द एक करणं, खोल्यांचे नंबर मजल्याप्रमाणे टाकणं, हे खरं वेफाइंडिंग. ते करायला पाट्यावाला नव्हे, चिठ्ठी छापणारा माणूस बैठकीला बोलवावा लागतो, आणि त्याला कधीच कोणी बोलवत नाही.

अॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाच्या पिवळ्या पाट्या बेनो विसिंग यांनी १९६७ साली केल्या. तो पिवळा रंग उचलायचा मोह अजून कोणाला सुटत नाही. उचलण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. तिथे टर्मिनल एकच, सगळं एका छताखाली. 'आपलं टर्मिनल कुठलं?' हा प्रश्नच इमारतीने काढून टाकलाय. विखुरलेली चार टर्मिनलं आणि मध्ये पार्किंगचं रान अशा जागी तोच पिवळा लावला, तर पिवळ्या पाट्यांखाली हरवलेली माणसं मिळतील.

याच्या उलट, पाटी आणि वाट यांचा विचार एकत्र झालेलं काम म्हणजे १९६९ साली सुरू झालेली मेक्सिको सिटीची मेट्रो. लान्स वायमन यांनी तिथे प्रत्येक स्टेशनला स्वतःचं चित्र दिलं. चापुल्तेपेकचं चित्र टोळाचं. 'टोळाच्या स्टेशनला उतर' एवढं सांगितलं की वाचता न येणारा माणूसही उतरतो, कारण तोंडी सांगता येणारी खूण आणि भिंतीवरची खूण एकच आहे. रंगाने मजले ओळखा वगैरे योजनांशी याची तुलना करू नका. निळा म्हणजे दुसरा मजला, हे डिझायनरला ठाऊक असतं. पहिल्यांदा येणाऱ्याला ते कोण सांगणार?

माझा सगळ्यात जुना राग 'आपण येथे आहात' या नकाशांवर आहे. एकच फाइल, उत्तर दिशा वर, दहा भिंतींवर छापलेली. साइनेजच्या तपासणीत याला पैकीच्या पैकी गुण, कारण सगळीकडे सारखेपणा. पण तुम्ही दक्षिणेकडे तोंड करून उभे असाल, तर नकाशातलं उजवं हे तुमचं डावं. वाट सापडायची तर दहा भिंतींना त्या त्या दिशेप्रमाणे फिरवलेले नकाशे हवेत. लंडनमध्ये २००७ पासून लागलेले 'लेजिबल लंडन'चे नकाशे समोर दिसतं तेच वर ठेवतात. लोकांना फिरवण्यापेक्षा कागद फिरवणं सोपं, हे पटायला एवढं जड का जातं कोण जाणे.

वेफाइंडिंगचं काम हातात घेण्याआधी मी दाराशी रखवालदाराजवळ अर्धा तास उभा राहतो. 'सरळ जा, काचेचं मोठं दार लागेल, ते सोडा, पुढच्या खांबापाशी डावीकडे.' पाटीचं नाव तो चुकूनही काढत नाही. त्याचं ते 'ते सोडा' ऐकलं की कळतं, चुकीचं दार आधी येतं आणि खऱ्यापेक्षा जास्त ठसठशीत दिसतं. मग बघायचे ते चकचकीत पाट्यांखाली चिकटपट्टीने लावलेले कागद. त्या रुग्णालयातही 'इमेजिंग सेंटर'च्या खाली एक होता, पेनाने काढलेला बाण आणि तीनदा गिरवलेलं 'सोनोग्राफी'. पाहणी आहे म्हटलं की असे कागद आदल्या दिवशी काढून टाकतात. म्हणून आता मी आधीच फोन करून सांगतो, एकही कागद काढू नका.