पार्श्वभूमी: हेअरलूम राजमा आणि पिवळ्या दाण्याचं पेटंट

सुकवून ठेवायच्या राजम्याची जुनी, पिढ्यान् पिढ्या जपलेली वाणं (यांनाच हेअरलूम म्हणतात) परसात लावायची हौस आता बरीच पसरलीय. बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात, पाकिटावर काहीतरी गोष्ट छापलेली असते, आणि ती बऱ्याचदा कुठलीतरी गुहा, तिथे सापडलेलं मडकं आणि हजार वर्षांनी रुजलेले दाणे अशी असते. त्या गोष्टीवर अजिबात जाऊ नका. राजम्याचं बी साध्या कोरड्या जागी तीन-चार वर्षं चांगलं उगवतं, पुढे उगवण घसरतच जाते. शेकडो वर्षं मडक्यात पडून राहिलेला दाणा उगवणं शक्यच नाही. खरं जे घडलंय ते मला त्याहून मोठं वाटतं: आज हातात येणारं प्रत्येक जुनं वाण कुणीतरी दर दोन-चार वर्षांनी न चुकता पेरत आलंय म्हणून शिल्लक आहे. एका पिढीने जरी कंटाळा केला असता तरी ते गेलं असतं.

लांबचा इतिहास थोडक्यातच सांगतो. रानवेलापासून राजमा दोन ठिकाणी, एकाचा दुसऱ्याला पत्ता नसताना, शेतात आला. एकदा मेक्सिकोच्या बाजूला आणि एकदा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरात. छोटे काळे, पांढरे आणि ठिपक्यांचे पिंटो हे मेक्सिकोकडचे आणि मोठे लाल किडनी, लाल रेघांचे क्रॅनबेरी (हेही राजम्याचंच वाण) हे अँडीजकडचे. गुहांमधल्या दाण्यांचं वय आधी शेजारी सापडलेल्या कोळशावरून सात-आठ हजार वर्षं धरलं जायचं, मग १९९०च्या दशकात थेट दाणेच तपासले तेव्हा पेरूमधले सुमारे ४४०० आणि मेक्सिकोतले सुमारे २३०० वर्षांचे निघाले (शेतीची सुरुवात त्याच्या बरीच आधीची असणार, कारण हे फक्त सापडलेले दाणे). १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचल्यानंतर हे सगळं युरोपात गेलं आणि तिथल्या खोऱ्याखोऱ्यात वेगळं वाण तयार झालं. त्याचं कारण फुलात आहे. राजम्याचं फूल पूर्ण उमलायच्या आतच स्वतःच्या परागाने फळतं, त्यामुळे शेजारच्या वाणाशी संकर सहसा काही टक्क्यांच्या वर जात नाही आणि परसात चार वाणं थोडं अंतर ठेवून लावली तरी बी बऱ्यापैकी शुद्ध राहतं. लाल फुलांचा रनर बीन मात्र यात धरू नका, तो वेगळ्या जातीचा आहे आणि त्यावर मधमाश्या खेळतात, तो सहज मिसळतो.

आता मुद्द्याचा काळ, म्हणजे विसावं शतक. टोमॅटोच्या बाबतीत हायब्रीड आलं आणि जुनी वाणं गेली असं सांगतात ते ठीक आहे, पण राजम्याला ती गोष्ट लावता येत नाही, कारण राजम्याचं हायब्रीड बी बाजारात नाहीच, एवढ्या स्वपरागी पिकात ते परवडत नाही. इथे जुनी वाणं मागे पडली ती कापणीच्या मशिनमुळे आणि डबाबंद कारखान्यांमुळे. मशिनला बुटकं, ताठ, एकदम वाळणारं झाड हवं, कारखान्याला एका मापाचा, शिजल्यावर न फुटणारा दाणा हवा. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये क्ष-किरणांनी घडवलेल्या बदलातून बुटक्या पांढऱ्या राजम्याचं वाण आलं आणि चाललं. जो वेल सात फूट चढतो, ज्याच्या शेंगा खालून वर महिनाभर वाळत राहतात आणि रोज हाताने तोडाव्या लागतात, तो शेतातून गेला आणि परसात उरला.

युरोपात त्यावर कायदाही आला. १९७० पासून भाज्यांच्या वाणांची सामायिक यादी, आणि यादीत नाव नसलेलं बी विकायचं नाही. नोंदणीचा खर्च एखाद्या आजीच्या वाणासाठी कोण करणार? मग लोक विकण्याऐवजी एकमेकांना बी देऊ लागले. २००८-०९ मध्ये जुन्या वाणांसाठी नियम थोडे सैल झाले, पण मधली जवळजवळ चाळीस वर्षं या हौशी लोकांनीच भरून काढली. अमेरिकेत १९७५ मध्ये बी अदलाबदलीचं एक जाळं सुरू झालं, आणि तिथल्याच न्यू इंग्लंड भागातल्या एका माणसाने तर एकट्याने हजारावर राजम्याची वाणं गोळा करून पुढे ती सगळी त्या जाळ्याकडे सोपवली. पगार नाही, अनुदान नाही, नुसती पत्रं आणि पाकिटं.

याच पार्श्वभूमीवर पिवळ्या दाण्याचं प्रकरण बघायला हवं, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण हेअरलूमच्या चर्चेत ते दोन ओळींत उरकलं जातं. १९९४ मध्ये कोलोरॅडोमधल्या एका बी व्यावसायिकाने मेक्सिकोच्या सोनोरा भागातून मिसळलेल्या राजम्याची एक पिशवी विकत घेतली. त्यातले पिवळे दाणे वेगळे केले, काही हंगाम पेरले, दरवेळी रंग बघून निवड केली, वाणाला बायकोच्या मधल्या नावावरून एनोला नाव दिलं आणि १९९६ मध्ये पेटंटचा अर्ज टाकला. एप्रिल १९९९ मध्ये पेटंट मिळालं. हक्क कशावर? दाण्याच्या सालीच्या पिवळ्या रंगावर, रंगतक्त्यातल्या ठरावीक छटा देऊन! पिवळा राजमा मेक्सिकोत आधीपासून शेतात होता, बाजारात होता, तिथून अमेरिकेत येतही होता. आता त्याच मालावर पाउंडाला सहा सेंट रॉयल्टी मागितली गेली, सीमेवर माल तपासला जाऊ लागला, आयात करणाऱ्यांवर आणि नंतर छोट्या व्यापाऱ्यांवर, शेतकऱ्यांवर दावे पडले. मेक्सिकोतून पिकवून पाठवणाऱ्यांचा धंदा बसला.

पेटंटवाल्याचं म्हणणं असं की निवड करून मी एकसारखा, स्थिर रंग आणला, तो आधी नव्हता. पण निवड करणं हेच तर प्रत्येक परसात पिढ्यान् पिढ्या चाललंय! चांगल्या वेलावरचे चांगले दाणे बाजूला काढणं हा शोध असेल तर त्या पिशवीत दाणे आले कुठून हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. २००० च्या डिसेंबरमध्ये कोलंबियातल्या जनुकपेढीने (जिथे पिकांच्या वाणांचं बी नमुने म्हणून जपतात) पेटंटच्या फेरतपासणीची मागणी केली, त्यांच्याकडे पिवळ्या राजम्याचे २६० च्या आसपास नमुने होते आणि त्यातले काही या वाणाशी जवळजवळ जुळत होते. २००४ मध्ये डीएनए तुलना छापून आली, त्यात एनोला हा मेक्सिकोतल्या एका आधीच प्रसारित झालेल्या पिवळ्या वाणापासून वेगळा काढता आला नाही. तरीही पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने ते नाकारायला एप्रिल २००८ उजाडलं आणि कोर्टाने त्यावर शेवटचा शिक्का मारला जुलै २००९ मध्ये. दहा वर्षं. तेवढे हंगाम गेले, गेलेले ग्राहक गेले. रद्द झालं ना, मग न्याय झाला असं काहीजण म्हणतात, मला ते पटत नाही. जनुकपेढीत नमुने नसते तर पुरावा कुठून आणला असता? शेतकऱ्याच्या घरातल्या डब्याला तारीख नसते.

म्हणूनच जुनं वाण लावणाऱ्यांना माझं सांगणं की नाव, कुणाकडून मिळालं, साल आणि दाण्याचा फोटो एवढं तरी लिहून ठेवा. आणि बी नीट वाळवा. एक दाणा दगडावर ठेवून हातोडी मारायची, तडकून तुकडे झाले तर वाळलाय, चेपला तर अजून ओल आहे. मग हवाबंद करून काही दिवस फ्रीजरमध्ये, म्हणजे आतली भुंग्याची अंडी मरतात. न वाळलेलं बी फ्रीजरमध्ये टाकलं तर मात्र बीच मरतं.

स्वयंपाकाकडे लोकांचं लक्ष परत वळलं ते या शतकात, हॉटेलांमुळे आणि खास जुनी वाणं विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांमुळे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मागणी अजून वाढली. चवीचा फरक आहे तो काही अंशी वाणाचा पण बराचसा ताजेपणाचा. त्याच वर्षीचा दाणा लवकर आणि एकसारखा शिजतो, उष्ण दमट जागी वर्षानुवर्षं पडलेला कितीही शिजवला तरी टणक राहतो. एक गोष्ट नव्या लोकांना कुणी सांगत नाही. १९७६ पासून ब्रिटनमध्ये कच्च्या राहिलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब झाल्याची प्रकरणं नोंदली गेली, चार-पाच दाणेही पुरतात. दोष दाण्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनाचा, आणि लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये, ८० अंशांच्या खाली, ते मरत नाही, उलट विषारीपणा कच्च्यापेक्षा वाढू शकतो. म्हणून निदान पाच तास भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, आणि मग काय मंद शिजवायचं ते शिजवा.