राळेच्या तबकडीवरची धूळ

१७७७ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात गेओर्ग क्रिस्टॉफ लिश्टेनबर्ग स्थिर विजेचे प्रयोग करत होते. राळेची मोठी तबकडी घासून गुळगुळीत करताना खोलीभर बारीक धूळ उडाली आणि उपकरणावर बसली. पण ती सारखी पसरली नाही. जागोजागी फांद्या फुटलेले चिमुकले तारे उमटले. पुसले तरी पुन्हा तिथेच! विद्युतभार जिथे होता तिथेच धूळ धरत होती. १९३८ मध्ये चेस्टर कार्लसन यांनी पहिली झेरॉक्स प्रत काढली, तीही भारित पृष्ठभागाला चिकटणाऱ्या पावडरीच्याच जोरावर.

हाच बारीक डोळा लिश्टेनबर्ग माणसांकडेही वळवत. इंग्रज व्यापारी दिवसभराचे व्यवहार आधी कच्च्या वहीत खरडतात आणि मग पक्क्या खात्यात चढवतात, हे त्यांना फार आवडलं. तशाच वह्या ते आयुष्यभर लिहीत राहिले. चर्चमध्ये प्रवचन होतं म्हणून छपरावरचा तडितरक्षक काही अनावश्यक ठरत नाही, असं त्यांनी टिपून ठेवलंय. ते नुसतं लिहून थांबले नाहीत. १७८० मध्ये स्वतःच्या बागेतल्या घरावर त्यांनी तडितरक्षक बसवला.

त्याच सुमारास झुरिकचे धर्मोपदेशक लाव्हाटर चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं ‘शास्त्र’ सांगत होते आणि सुशिक्षित मंडळी त्यावर लट्टू होती. लिश्टेनबर्ग यांच्या पाठीला लहानपणापासून कुबड होतं. शरीरावरून माणूस जोखणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. १७७८ मध्ये त्यांनी या प्रकारावर कडाडून टीका केली. चेहरा आजारपणाने बदलतो, अपघाताने बदलतो, हालअपेष्टांनी बदलतो, मग त्याचा दोष स्वभावाच्या माथी का? त्यांचा सर्वांत बोचरा टोला असा, की हे शास्त्र पूर्णत्वाला गेलं तर फाशीयोग्य गुन्हा करण्याआधीच पोरांना फासावर चढवावं लागेल. आज छायाचित्रावरून गुन्हेगारी वृत्ती ओळखल्याचा दावा करणारे संगणक प्रोग्रॅम निघतात, तेव्हा मला हा टोला हमखास आठवतो.

त्यांची आणखी एक नोंद माझ्या विशेष आवडीची आहे. ‘मी विचार करतो’ म्हणताना आपण त्या ‘मी’वर फार विसंबतो; वीज चमकते म्हणतो तसं विचार चालतो एवढंच म्हणावं, असं ते लिहितात. जर्मनमध्ये हे सांगायला त्यांना वाक्य वाकवावं लागलं. मराठीत एखादी कल्पना डोक्यात आली की आपण ‘मी सुचलो’ म्हणत नाही, ‘मला सुचलं’ म्हणतो.